पट वाढलाय म्हणे!

अहो वहिनी, गॅस बारीक करून या जरा इकडं कुंपणापाशी. ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही. आपल्या मराठी शाळेचा पट वाढलाय! हो हो, तीच शाळा, जिला तुम्ही परवा 'खिचडीची शाळा' म्हणालात. वरच्या आळीतली चार पोरं पिवळ्या बसमधून उतरली ती थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत. गुपचूप हं! दाखले काढून आणलेत, पण पाटलीणबाईंनी अजून माहेरी कळवलेलं नाही.

सगळे म्हणतात, फी परवडेना. फी कसली? त्यांच्या दारात ट्रॅक्टर दोन आहेत. आतली बातमी वेगळीच. त्यांच्याकडं लग्नपत्रिका आली. आजोबांना चष्मा सापडेना, म्हणून तिसरीतल्या नातवाला म्हणाले, वाच रे. नातू पत्रिका उलटी-सुलटी करतोय. मराठी येत नाही म्हणाला. बरं, मागच्या बाजूला इंग्रजीत छापलंय ते वाच, तर तेही अडखळत, अंदाजानं. तिथंच त्यांच्या कामवाल्या बाईची पोरगी बसलेली, आपल्या शाळेत दुसरीला. तिनं पत्रिका हातात घेतली आणि गणपतीच्या नावापासून सुरुवात करून मुहूर्त, कार्यस्थळ, समस्त भाऊबंद सगळं खाडखाड वाचलं. अगदी खालचं 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' सुद्धा. आजोबा काही बोलले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र धोतर नेसून शाळेच्या ऑफिसात हजर.

आता लगेच फुगून जाऊ नका. आपल्या शाळेतली सगळीच पोरं तशी वाचतात असं नाही. गुरुजींनीच मीटिंगमध्ये सांगितलं. ती 'प्रथम' संस्थेची माणसं गावोगाव घरी जाऊन पोरांना वाचायला लावतात ना, त्यांचा 'असर' नावाचा अहवाल असतो. २०२४ च्या अहवालात काय निघालं, तर देशभरातल्या खेड्यापाड्यांच्या सरकारी शाळांत तिसरीत बसलेल्या पोरांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी २३.४ टक्के. आणि ही सुधारणा बरं का! २०२२ मध्ये १६.३ टक्केच होती. गुरुजींनी हा आकडा सांगितला, तर आपले एक सदस्य म्हणतात, "म्हणजे आपण देशाच्या पुढंच की!" आणि चहा मागवला. विषय तिथंच मिटला.

नाहीतर आपल्याला प्रगती म्हणजे प्रगतिपुस्तक. १ मे ला झेंडावंदन झालं की रांगेत उभं राहून घ्यायचं, अ-१ का अ-२ बघायचं आणि पोराच्या पाठीत धपाटा नाहीतर हातात पेढा. मी या वर्षी त्या वर्णनात्मक नोंदी नीट वाचल्या. आमच्या धाकट्याच्या पुस्तकात लिहिलंय, 'नृत्यात आवडीने सहभागी होते.' होते! तो मुलगा आहे हो, आणि नाचायचं म्हटलं की स्टेजच्या मागं लपतो. मग शेजारच्या तिघींची पुस्तकं मागून घेतली. सगळ्यांच्या पोरी 'नृत्यात आवडीने सहभागी' आणि सगळ्यांचं 'अक्षर वळणदार'. तयार नोंदींची पानं फिरतात म्हणे मोबाइलवर, तिथून उतरवायच्या. मी बाईंना विचारलं तर बिचाऱ्या ओशाळल्या. म्हणाल्या, ताई, दोन वर्ग एका खोलीत, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, आधारची नावं जुळवायची, तांदळाचा हिशोब. नोंदी रात्री बारा वाजता लिहिते. आता त्यांनाही काय बोलणार? पण मग त्या पुस्तकावरून पोराचं वर्ष कसं गेलं ते कसं कळायचं, ते तुम्हीच सांगा.

आणि तो टीव्ही! तुम्हाला माहीत नाही? अहो, एका पुढाऱ्यानं दिला गेल्या वर्षी. शैक्षणिक उठाव म्हणून. टीव्ही बेचाळीस इंची, पण त्याचा फ्लेक्स शाळेच्या भिंतीएवढा. फ्लेक्सवर तेरा जणांचे फोटो, त्यात शाळेतलं पोर एकही नाही. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि पंधरा दिवसांत बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली. टीव्हीवर कापड घालून त्यावर हजेरीपटांचा गठ्ठा. पुढं चार घरांनी मिळून बिल भरलं, तेव्हा तो लागला. त्या चार घरांचा फ्लेक्स कुठं दिसला तुम्हाला?

नाही, उठावाला मी नावं ठेवत नाही. गावानं दिलं म्हणूनच फरशी झाली, पोरींसाठी दार लागणारं स्वच्छतागृह झालं, कंपाउंडला गेट बसलं. यात्रेच्या वर्गणीतून उरलेले पैसे तमाशाला न जाता शाळेला गेले, ही काय लहान गोष्ट आहे? केवढी भांडणं झाली त्यावरून! माझं म्हणणं एवढंच, की दिलेली वस्तू दिसते, म्हणून सगळे वस्तूच देतात. रंग देतात, घसरगुंडी देतात. पोर वाचतंय का, हे बघायला कुणी येत नाही. त्याचा फोटो निघत नाही ना.

एकजण मात्र येते. ती खालच्या गल्लीतली आजी. अंगठेबहाद्दर. माता-पालक गटात बायका कमी पडल्या म्हणून बाईंनी तिलाच बसवलं. मंगळवारी तिच्या ओट्यावर पाच-सहा पोरं पुस्तकं घेऊन बसतात, ती शेंगा फोडत ऐकते. मी म्हटलं, हिला काय कळणार? तर परवा मी तिथं असताना एक पोरगी भराभर वाचत सुटली. आजी म्हणते, "थांब. आत्ता ती म्हातारी जंगलात होती, लगेच लेकीच्या घरी कशी गं पोचली? मधलं गाळलंस." पोरीनं दोन ओळी खरंच गाळल्या होत्या. पोरगी हसली, मागं गेली, पुन्हा वाचलं. आजीनं परत शेंग उचलली. साक्षर असून आपण कधी एवढं ऐकतो का हो पोराचं? आपण म्हणतो, "झालं का वाचून? ठेव दप्तर."

तुम्ही म्हणाल, हे गुरुजींचं काम, पगार कशाला घेतात. बरोबर आहे. पण कायदा वेगळंच सांगतो. २००९ चा तो शिक्षण हक्काचा कायदा आहे ना, त्यात शाळा व्यवस्थापन समिती सांगितलीय. समितीत पाऊण लोक आई-बापच हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कसा वापरला त्यावर लक्ष ठेवायचं, हे सगळं समितीकडं. कागदावर आपण मालक आहोत, वहिनी! आणि प्रत्यक्षात? निम्म्या बायकांच्या नावापुढं त्यांच्या नवऱ्यांच्या सह्या. आमच्या एका सदस्या तर मला म्हणाल्या, "मी आहे होय कमिटीत? ह्यांनी सांगितलं नाही." इतिवृत्ताच्या वहीत मात्र त्या दर महिन्याला हजर, वर सूचक म्हणूनही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आता पोरं येतात, पालकच येत नाहीत. दंड त्यांना लावा म्हणते मी, पंचायतीची पाणीपट्टी निघेल त्यातून.

बरं, ते जालिंदरनगरचं ऐकलंत ना? खेड तालुक्यातलं. आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची शाळा, पोरं इतकी कमी झालेली की बंदच पडायची. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं आले. हो, तेच, आधी शिरूर तालुक्यात वाबळेवाडीची शाळा गाजवणारे. गाव उभं राहिलं पाठीशी आणि २०२५ मध्ये तिकडं लंडनच्या 'टी फोर एज्युकेशन'चे जगातल्या उत्तम शाळांचे पुरस्कार असतात, त्यात लोकांच्या मतदानानं या शाळेला पुरस्कार मिळाला. जगात! आपल्याकडची काही मंडळीही जीप करून बघून आली. आल्यावर पारावर चर्चा काय? इमारत कशी, रंग कुठला, खर्च किती आला. आमच्या ह्यांनी तर दरवाजाच्या कडीचासुद्धा फोटो आणला.

मी म्हटलं, ते 'विषयमित्र' काय असतं ते कुणी बघितलं का? सगळे गप्प. अहो, ज्या पोराला एखादा विषय चांगला येतो, ते बाकीच्यांना तो शिकवतं. वय लहान असो की मोठं. याला खर्च किती? शून्य. पण शून्य रुपयांचं उद्घाटन कोण करणार! सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे बाईंनी असंच करून दाखवलं होतं. फरशीवर आखलेले खेळ, खडे, काड्या, बिया, पोरं जमिनीवर बसून आपली आपण शिकतायत. राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून बघायला यायचे. त्यानंतर आपल्याही शाळेच्या फरशीवर गोल, चौकोन, अक्षरं रंगवली. सुंदर दिसतात. गेल्या वर्षी त्यावर सतरंजी टाकली, पाहुण्यांसाठी. अजून उचललेली नाही.

आता खरी गंमत सांगते, कुणाला बोलू नका. गुरुजींच्या बदलीचं नाव आहे यादीत. हो ना! तिकडं वरच्या आळीतली पोरं यांच्या भरवशावर आली आणि हे निघाले. तालुक्याला मोर्चा न्यायचा असं चाललंय पोरांचं, बॅनरसुद्धा छापायला टाकलाय. मला नाही पटत. माणूस नोकरीतला, आज ना उद्या जाणारच. त्यांची लेकरं तिकडं सासुरवाडीला ठेवून किती वर्षं काढायची त्यांनी? आजीचा ओटा कुठं बदलीवर जातोय? मंगळवारचं वाचन चालू राहिलं, बिल वेळेवर भरलं, समितीत खऱ्या बायका बसल्या, तर नवीन गुरुजी येतील तेही सरळच चालतील. आणि हे सगळं बंद पडणार असेल, तर याच गुरुजींना दोरीनं बांधून ठेवलं तरी काय उपयोग?

तुमच्या घरी बाळूचा वाढदिवस आहे ना पुढच्या महिन्यात? डीजे नको हो. शाळेत स्नेहभोजन द्या. एरवीच्या खिचडीबरोबर जिलेबी आणि मटकीची उसळ. सरकारी योजनेतच सोय आहे तशी, गावातल्या कुणालाही देता येतं. केक कापून तोंडाला फासण्यापेक्षा बरं. आणि वाढायला तुम्हीच जा, म्हणजे ती खिचडी कशी असते तेही कळेल. पाचवीपर्यंतच्या एका पोराला रोज शंभर ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. तो खरंच तेवढा पडतोय का, ते तुमच्यासारख्या सुगरणीला पातेलं बघून समजेल. मला सांगा मग, मीटिंगमध्ये बोलते मी. नाव नाही घेणार तुमचं.

घ्या, तुमच्या दुधाचा वास आला बघा! जा, जा. तेवढं एक ऐका. नवीन समिती निवडायची पालकसभा आहे, बुधवारी दुपारी तीनला, शाळेच्या मोठ्या खोलीत. तुमचा बाळू आला आता पहिलीला, म्हणजे तुम्ही पालक. मी तुमचं नाव सुचवणार आहे. भावजींना पाठवू नका, तुम्हीच या. आणि येताना ती सतरंजी उचलायला दोघी-तिघींना घेऊन या.