कामरगावापर्यंतची घरघर

कामरगावच्या वाटेवर पाहण्यासारखं काय आहे, हे सांगायला मी फारसा लायक माणूस नाही. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून माझी जागा कायम पुढे डावीकडे. आणि या लेखातलं पुन्हा पुन्हा जाणारं बेअरिंग डाव्या पुढच्या चाकाचं, म्हणजे थेट माझ्या पायांपुढचं. नागपूरहून समृद्धी महामार्ग धरायचा, कारंजा लाडला खाली उतरायचं, तिथून त्याच तालुक्यातलं कामरगाव. काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. कारंज्यात नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तिथे नमस्कार. स्थळदर्शन आटोपलं, आता चाकाकडे वळू. बेअरिंग एकदा गेलं तर तो बेअरिंगचा दोष असू शकतो. नवं घातलं, काही महिन्यांत तेही गेलं आणि तिसऱ्यानेही मान टाकली, तर मात्र पोरगी गुणाची असून सासर वाईट आहे असं समजावं आणि चौकशी सासरची करावी, एवढंच माझं म्हणणं.

पण घरघर बेअरिंगचीच आहे का, हे आधी ठरवायला हवं, आणि हा प्रवास त्यासाठी फार सोयीचा. समृद्धी सिमेंटचा. सिमेंटवर टायर स्वतःच गातात, आणि झिजून उंचसखल झालेलं टायर तर हुबेहूब बेअरिंगचा आवाज काढतं. कारंज्याला उतरून डांबरावर आलं की कान टवकारायचे. रस्त्याचा पोत बदलताच सूर बदलला, तर संशय टायरवर. सूर तोच राहून फक्त वेगाबरोबर चढला-उतरला, तर बेअरिंगवर. मग वळणं. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर येतो. तिथे घरघर वाढली आणि डाव्या वळणावर दबली, तर गुन्हेगार बहुधा डावीकडचा. (माझाही भार उजव्या वळणावर दाराकडे येतो, पण तो आवाज वेगळा.) शेवटी गाडी जॅकने उचलून पक्क्या टेकूवर ठेवायची, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला कळते. जुने मिस्त्री हे करताना डोळे मिटतात, आणि तेव्हा त्यांच्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटतो. भांडण पुढे आहे: बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं?

“रोडच असा हाय न जी,” हे पहिलं उत्तर. खड्ड्याने बेअरिंगला मार बसतो हे खरं. समोरून एस.टी. आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरतं, हेही मान्य. पण तीच एस.टी. गावातल्या बाकी गाड्यांनाही समोरून येते; त्यांची डावी पुढची चाकं शाबूत कशी? दुसरं उत्तर डुप्लिकेट मालाचं. नकली बेअरिंगं बाजारात आहेतच, मोठ्या कंपन्या स्वतः त्याबद्दल सावध करतात. तरी वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेली, वेगवेगळ्या कंपन्यांची बेअरिंगं सगळीच नकली निघतात आणि सगळी एकाच चाकात मरतात, हे मानायला तर्क पुरत नाही, श्रद्धा लागते. तिसरा आक्षेप कुणी तोंडाने काढत नाही, नुसतं माझ्याकडे बघतात. गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं: भार सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्मं. नियम कडक आहे आणि मला तो मुळीच आवडत नाही. तरी हिशेब करू. लहान गाडीच्याही पुढच्या एका चाकावर साधारण ३०० किलो येतात. माझ्यातला जो हिस्सा त्या चाकापर्यंत पोचतो, तो फार तर ४० किलो. शिवाय डावी सीट कायम रिकामी राहील असं धरून कोणी गाडी बनवत नाही. आयुष्य घटेल. वर्षांचे महिने होणार नाहीत. मी सुटलो.

आता सासर. पुष्कळ गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या सांध्याच्या, भोकात दाबून बसवलेलं असतं. बाहेरची रिंग भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी मोठी, म्हणूनच पकड. पहिलं बेअरिंग छिन्नी-हातोड्याने काढताना भोकाला चरे पडले, की पुढचं सैल किंवा तिरपं बसतं. मग त्याला पंचाचे ठोके मारून, नाहीतर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा घालून “फिट” करतात, आणि इथे माझा संयम सुटतो. गोल असण्यावर ज्याचं अख्खं आयुष्य, त्याच्या पाठीला पत्र्याची घडी! बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा, चाक ज्यावर बसतं तो हब आत घालताना आधार आतल्या रिंगला. उलट केलं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि खोबणीत गोळ्यांच्या अंतराने खळगे पडतात. १९०० मध्ये पोलादी गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजणाऱ्या स्वीडनच्या ब्रिनेलचं नाव या खळग्यांना मिळालं आहे. असं बेअरिंग बसतानाच मेलेलं असतं, घरघर तेवढी उशिरा लागते. म्हणून जुनं बेअरिंग भंगारात किंवा पोरांच्या गाड्याला जाण्याआधी उघडून बघावं. समान अंतराचे खळगे दिसले तर हातोडा किंवा जबर धक्का, घासाचा पट्टा तिरका गेला तर तिरपं बसणं, तांबूस ग्रीस म्हणजे पाणी, निळसर पोलाद म्हणजे उष्णता. तिरपेपणाने बेअरिंगं मरण्याची गोष्ट जुनी आहे. स्वेन विंगक्विस्ट गोथेनबर्गच्या कापड गिरणीत देखभालीचा इंजिनिअर होता. गिरणी चिकणमातीवर, जमीन खचे, शाफ्ट वाकडे होत, बेअरिंगं जात. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर घर बांधलेल्या कामरगावकराला हे दुःख समजावून सांगायला नको. विंगक्विस्टने बेअरिंगला शिव्या न देता १९०७ मध्ये शाफ्टचा तिरपेपणा सोसणारं बेअरिंग काढलं, आणि त्यातून एसकेएफ उभी राहिली, जिचा कारखाना पुढे चिंचवडलाही आला. गाडीच्या हबमधल्या बेअरिंगला मात्र असा तिरपेपणा सोसत नाही.

भोक बिघडलं तर नकलच बदलावी. यावर शेवटचा आक्षेप पैशाचा: बेअरिंग स्वस्त, नकल महाग. पण दर खेपेला मजुरी, अलाइनमेंट आणि बुडालेला दिवस जमेस धरा, मग बोला. नकल जुन्या बाजारातली चालते, मात्र तिचं भोक बोअर गेजने मोजून घ्यावं. ज्या लेथवाल्याकडे तो गेज नाही, त्याच्याकडे चहा घेऊन उठावं. गावात बेअरिंग दाबायचा प्रेस नसेल तर नकल उतरवून कारंज्याला न्यावी. शाफ्टच्या टोकाचा, ठोकून लॉक होणारा नट दर वेळी नवा. तो किती आवळायचा हा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बऱ्याचदा २०० न्यूटन-मीटर किंवा त्याहून वर. मीटरभर लांब पाइपच्या टोकाला २० किलो टांगले की जवळपास २०० होतात. मी हौसेने लोंबकळू नये, आकडा कुठल्या कुठे जाईल. मी आत बसून ब्रेक दाबून धरावा, तेवढं जमण्यासारखं आहे. आणि टॉर्क पाना ‘कट्’ म्हणेपर्यंत गाडीचं वजन चाकावर येऊ द्यायचं नाही. घाईघाईत कुणी तशीच ढकलत शेडबाहेर काढली, तर पाचव्या बेअरिंगची ऑर्डर त्याच दिवशी दिलेली बरी.