चालण्याजोगी वस्ती

गिरगावात समूह पुनर्विकासाचा नियम ३३(९) आला, की त्याच्या मागोमाग सल्लागार येतात. पडद्यावर शब्द झळकतात : ‘चालण्याजोगी, मिश्र वापराची वस्ती’. म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड, शाळा-दवाखाना हाकेच्या अंतरावर. मागच्या खुर्चीवरच्या आजी पुटपुटतात, ‘अगंबाई, ही तर आपलीच चाळ!’

१८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा पार्किंगचं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. नव्या आराखड्यात मात्र पहिले सात मजले गाड्यांचे, माणसं आठव्यापासून. कोथिंबिरीच्या जुडीसाठी लिफ्टची वाट पाहायची आणि चालायचं ते जिममधल्या ट्रेडमिलवर.

आणि लोकसहभाग? झाला की! वहीत सह्या आहेत, समोसेही संपलेत.