नालेकाका

अंधेरी पश्चिमेच्या आमच्या गल्लीत नालेकाकांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि जूनमध्ये त्यांना टाळत नाही असाही नाही. पाणी तुंबलं की बाकीचे पँट वर करतात. काका चष्मा वर करून विचारतात, "हे पाणी कुणाचं?"

प्रश्न वेडगळ नाही. गल्लीतलं गटार वॉर्डाचं, मोठा नाला पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा, संडासाचं पाणी मलनिःसारणाचं आणि रुळांखालचं कल्व्हर्ट रेल्वेचं. "अहो, मिठीसुद्धा वाटून घेतलीय! १७.८४ किलोमीटर नदी, ११.८४ पालिकेकडे, ६ एमएमआरडीएकडे. वर २००५च्या पुरानंतर नेमलेलं प्राधिकरण, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री!" हे सांगताना काका असे फुलतात, की भावकीतल्या वाटण्या त्यांनीच करून दिल्या असाव्यात.

त्यांची आयुष्यभराची इच्छा एकच, प्रभाग समिती. प्रभागांतले नगरसेवक तिचे सदस्य, त्यांच्यातलाच एक दरवर्षी अध्यक्ष. शिवाय सामाजिक संस्थांमधली जास्तीत जास्त तीन माणसं त्यांना नेमता येतात. त्या तिघांत आपण असावं! मग संस्था हवी, म्हणून काकांनी ती काढली. अध्यक्ष स्वतः, चिटणीस काकू, खजिनदार डोंबिवलीचे मेहुणे. मेहुण्यांना अजून कळवलेलं नाही. लेटरहेड मात्र लग्नपत्रिकेच्या कागदावर छापलंय.

आणि ७ मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदतच संपली. प्रशासक आला, समिती गेली. काका आठवडाभर दाढी न करता फिरत होते. शेजारच्यांना वाटलं, सुतक आहे. जवळजवळ चार वर्षांनी, जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली, तेव्हा इस्त्रीचा सदरा बाहेर आला. नव्या नगरसेवकांना पहिला पुष्पगुच्छ कुणाचा होता, हे सांगायला नको. (माझ्या मते तो निवडून आलेल्यांना आणि पडलेल्यांनाही गेला. काका जोखीम घेत नाहीत.)

प्रशासकाच्याच काळातली गोष्ट. फाटकाशी घोटाभर पाणी, जाळीवर दुधाच्या पिशव्या आणि एक फुटका थर्माकोल. काका छत्रीखाली उभे राहून फोनवर विचारत होते, जाळी रस्ते खात्याची की जलवाहिन्यांची? पलीकडून कुणीतरी "थांबा, विचारतो" म्हणालं. काका थांबले. पाणी पोटरीला आलं.

काकू भाजी घेऊन परतल्या, काकांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि तिच्या मुठीनं पिशव्या ओढून काढल्या. पाणी गुडगुडत उतरलं.

संध्याकाळी संस्थेच्या इतिवृत्तात काकांनी नोंद केली : "चिटणिसांकडून अधिकारबाह्य कार्यवाही. खुलासा मागवावा."