टोपीपासून दारूपर्यंत

बदकं जरा मंद असती, तर बंदूक आणखी काही वर्षं गारगोटीवरच अडून राहिली असती. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या जवळ बेलहेल्व्ही नावाचं खेडं आहे. तिथले पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना दोन नाद होते, रसायनांचा आणि पाणपक्ष्यांच्या शिकारीचा. त्या काळची बंदूक चकमकीची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणग्या बाहेरच्या रंजकात पडायच्या, रंजक भुस्सकन पेटायचं आणि मग तो जाळ नळीच्या बगलेतल्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आत शिरून नळीतली दारू पेटवायचा. या सोपस्काराला लागायचं निमिषभर, पण बदकाला तेवढं पुरेसं होतं. भपका दिसला की ते पसार. छर्रे पोचायचे तेव्हा तिथे नुसतं पाणी.

पाद्रीबुवांनी यावर प्रार्थनेपेक्षा रसायनावर भिस्त ठेवली, हे मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं. ठोका बसताच भडकणारी संयुगं तेव्हा नवीनच माहीत झाली होती. ती त्यांनी अत्तराच्या कुपीसारख्या दिसणाऱ्या एका डबीत भरून बंदुकीच्या कळीवर (बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर) बसवली आणि 1807 साली पेटंट घेतलं. उघड्यावरचं रंजक गेलं, भपका गेला. लंडनच्या टॉवरमध्ये त्यांना सरकारने प्रयोगाला जागाही दिली होती. पण वरचे साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी हा पसारा उचलायला सांगितला. मराठी वाचकाला हे अधिक उलगडून सांगायला नको.

पुढे त्या डबीची जागा तांब्याच्या इवल्याशा टोपीने घेतली. टोपी आपणच शोधली असं म्हणणारे लंडनमध्ये कितीतरी निघाले. अमेरिकेत 1822 साली तिचं पेटंट घेतलं ते फिलाडेल्फियाच्या जोशुआ शॉ यांनी, आणि ते निसर्गचित्रं काढत. म्हणजे एक पाद्री आणि एक चित्रकार! सेनापतींना मात्र पटायला वेळ लागला. 1834 साली इंग्लंडमध्ये वूलिचला दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून सहा-सहा हजार बार काढून पाहिले, तेव्हा गारगोटीवाल्या 922 वेळा फुसक्या निघाल्या आणि टोपीवाल्या 36 वेळा. त्यानंतर वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी सैन्यभर टोपी पोचायला पुढची काही वर्षं गेलीच.

हे सगळं मला ऐकवलं ते अमेरिकेत मिझुरी राज्यात स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांनी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कारखान्यांत पंप बसवले आणि निवृत्तीनंतर गराजमध्ये ठासणीची रायफल बांधायला घेतली. तिथल्या संघराज्याच्या कायद्यात अशी बंदूक पुराणवस्तूंच्या खात्यात जमा होते (राज्यांचे नियम निराळे असू शकतात), त्यामुळे सुटे भाग खोक्यातून घरी येतात. शिवाय त्यांचं घर सेंट लुईसच्या बाजूला. तिथेच जेकब आणि सॅम्युएल हॉकन या भावांचं दुकान होतं आणि रॉकी पर्वतात बीव्हर पकडायला जाणारे लोक त्यांच्या आखूड, जाडजूड रायफलींसाठी पैसे साठवत. जेकब 1849 च्या पटकीत गेला, पण सॅम्युएल पुढे 1884 पर्यंत जगला. 1972 च्या ‘जेरेमाया जॉन्सन’ चित्रपटात रॉबर्ट रेडफर्डच्या हाती हॉकन दिसली आणि अर्ध्या अमेरिकेला आपल्याही घरी एक असावीशी वाटली, असं स्नेही सांगतात. ‘अर्धी अमेरिका’ हा त्यांचा हिशोब. त्यात ते स्वतःला दोनदा धरतात.

खोकं उघडल्यावर नवखा माणूस आधी दस्ता हातात घेतो. अक्रोडाचं किंवा मेपलचं लाकूड, त्यावरच्या लाटा, पितळेची पट्टी. हे सगळं घासण्यापुसण्यासारखं आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखं. आग पेटवणारे भाग मात्र एका लहानशा पुडीत येतात आणि ती पुडी ड्रॉवरमध्ये पडते. सगळा घोळ इथेच सुरू होतो. घोडा टोपीवर पडतो, टोपी भडकते, जाळ निपलच्या, म्हणजे टोपी ज्यावर बसते त्या पोकळ खुंटीच्या, बारीक भोकातून खाली उतरतो, काटकोनात वळतो आणि नळीतल्या दारूला भिडतो. हा सगळा प्रवास फार तर इंच-दीड इंचाचा. पण बंदूक बंदूक आहे की भिंतीवर टांगायची शोभेची काठी, ते ह्या इंचभरात ठरतं.

स्नेह्यांच्या रायफलीला ड्रम होता. ड्रम म्हणजे करंगळीच्या पेराएवढा पोलादी दंडगोल. त्याचं आटे पाडलेलं टोक नळीच्या बगलेत पिळून बसवायचं आणि वरच्या अंगाला निपल लावायचं. ही मूळची गावठी लोहाराची युक्ती. गारगोटीच्या जुन्या बंदुकीचा कान मोठा करून त्यात ड्रम ठोकला की आजोबांची बंदूक नातवाच्या काळात आली. हॉकन बंधूंच्या चांगल्या रायफलींत ही भानगड नसे. तिथे निपलचं आसन गोगलगायीसारखं नळीच्या बुडाच्या तुकड्यातच घडवलेलं असे. दिसायला देखणं, करायला महाग.

आता ड्रमचं भोक कुठे पाडायचं? कळ जिथे छान दिसेल तिथे, असं नवख्याला वाटतं. पण नळीच्या बुडाला आट्यांचा एक जाड पेच असतो आणि दारू त्याच्या पुढे असते. भोक पेचाच्या अंगावर आलं, तर जाळ पोलादावर डोकं आपटून परत फिरणार. म्हणून आधी पेचाचं तोंड कुठे संपतं ते बघायचं, त्यावरून ड्रमची जागा, ड्रमवरून कळीची आणि कळीवरून चापाची. दिमाखात मिरवणारी कळ या उतरंडीत तिसऱ्या नंबरला आहे, हे पचवायला वेळ लागतो. शिवाय लाकडात चूक झाली तर ठिगळ लावता येतं, पण पाडलेलं भोक बुजवून पुन्हा पाडू म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारी नेमबाजीला उभं राहू नये.

ड्रम बसला तरी तो लोंबकळून चालत नाही. घोड्याचा प्रत्येक ठोका निपलवाटे ड्रमवर येतो. त्याला खालून आधार नसेल, तर काही दिवसांत आटे सैल होतात आणि मग जाळाला नको त्या वाटा फुटतात. म्हणून कळीच्या पोलादी पट्टीला वरून अर्धगोल खाच असते आणि ड्रम तिच्यात टेकतो. टेकतो म्हणजे नुसता टेकतो. पट्टीने त्याला वर रेटलं तर तेही वाईट. कळीचे स्क्रू आवळले की सगळा ताण ड्रमवर. वाड्यातला सामाईक भिंतीचा शेजारी कसा, टेकायला हवा, ढकलायला नको, तसंच काहीसं हे नातं. कानस एकदा जास्त फिरली की फट पडते, आणि कानशीला उलटं फिरवता येत नाही.

स्पर्श नेमका कुठे होतोय हे डोळ्यांना दिसत नाही. जुने कारागीर दिव्याची काजळी फासत, भाग जागेवर बसवत, काढून बघत, डाग उमटला तिथे घासत. आताचे बरेच लोक लिपस्टिक वापरतात. ती पातळ पसरते, चटकन वाळत नाही, लाकडावर आणि पोलादावर सारखीच उमटते. हे ज्ञान स्नेह्यांना कुठून तरी मिळालं आणि वहिनींना ते उशिरा कळलं.

“अहो, माझी मरून कुठाय?” असं गराजच्या दाराशी येऊन त्यांनी विचारलं, तेव्हा मरून ड्रमला लागलेली होती, थोडी दस्त्याला आणि थोडी स्नेह्यांच्या कपाळाला. लग्नाला चाळीस वर्षं झालेला माणूस कपाळावर लिपस्टिक घेऊन बायकोसमोर निष्पाप उभा होता. वहिनींनी आधी बंदुकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणाल्या, “निदान खाचेला तरी शोभतेय.”

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो घोड्याने. घोड्याचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. टोपी फुटते तेव्हा तांब्याच्या चिंध्या उडतात आणि त्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून ती वाटी टोपीला झाकते. (तरीही चष्मा लावायचाच.) पण घोडा गोल फिरून पडतो आणि निपल ताठ उभं असतं. दोघांची गाठ अगदी समोरासमोर पडली पाहिजे. निपलचा कल चुकला, तर वाटीची कड टोपीवर तिरकी बसते. कधी बार होतो, कधी नुसतं टक्. मग घोडा काढायचा, लालबुंद तापवायचा, केसभर वाकवायचा, थंड करायचा, पुन्हा लावून पाहायचा. मधे चामड्याचा तुकडा ठेवायचा, नाहीतर रिकाम्या ठोक्यांनी निपलचं टोक फुगतं आणि टोपी नीट खाली जात नाही. तशी अर्धवट बसलेली टोपी पहिल्या ठोक्याला बूड टेकते आणि दुसऱ्याला पेटते. लोक टोप्यांच्या कंपनीला शिव्या घालतात. टोपीचा बहुधा काही दोष नसतो. क्रमांक 10 ची टोपी की 11 ची, यावर माणसं तावातावाने भांडतात, पण निपलची टोकाकडची जाडी मोजायचं फार थोड्यांना सुचतं.

ठासणीची बंदूक आपल्याला परकी नाही म्हणा. कोकणात ती अजून घराघरांतून आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, वानर आणि रानडुकरांसाठी. तिथे तिला कोणी छंद म्हणत नाही. पावसाळ्यात ओल लागली की बार उठत नाही, आणि निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. वानरांना आचारसंहिता लागू नाही. त्यांचा प्रचार नारळाच्या झाडावरून चालूच राहतो.

मिझुरीतली रायफल तयार झाल्यावर तिच्यात लगेच दारू भरायची नव्हती. आधी नुसती टोपी लावायची, नळीचं तोंड जमिनीलगत गवताच्या पात्याजवळ धरायचं आणि चाप ओढायचा. पातं हललं तर वाट मोकळी. तेलाचा थेंब किंवा कानशीचा चुरा कुठे अडकलेला नाही. नाही हललं तर निपल काढून सगळं पुन्हा साफ. हे इतकं साधं परीक्षण मला एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा विश्वासाचं वाटलं. गवताने मान डोलावली. स्नेह्यांनीही डोलावली.

मग आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो, तिथे त्यांच्या शेजारच्या मेजावर एक गारगोटीवाले गृहस्थ होते. त्या पंथाचे लोक टोपीवाल्यांना जरा खालचेच समजतात, टोपी म्हणजे यांना परवाचं फॅड. दुपारी पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली. गृहस्थांचं रंजक ओलावलं, ते पुसत राहिले, पुन्हा घालत राहिले, मधूनच फुस्स करत राहिले. बार झाला नाही की नळी तशीच निशाणाकडे रोखून मिनिटभर थांबायचं हा नियम. बिचाऱ्यांची सगळी दुपार त्या नियमातच गेली. आमच्या स्नेह्यांची रायफल मात्र एकदाही चुकली नाही. टोपी, चाप, धाड. टोपी, चाप, धाड. मला वाटलं, आता हे घरी पोचेपर्यंत ऐकायला लागणार.

गाडीत ते गप्पच होते. वहिनींनी विचारलं, “काय हो, बिनसलं का काही?”

“नाही, उत्तम चालते,” ते म्हणाले. “आता तिच्यात करण्यासारखं काही राहिलं नाही. पुढची गारगोटीची बांधीन म्हणतो.”

“बांधा,” वहिनी म्हणाल्या. “मी जरा स्वस्तातली मरून आणून ठेवते.”