94 टक्के, तरी नापास

8 एप्रिल 2024 च्या खग्रास ग्रहणात ह्यूस्टनमध्ये सूर्य सुमारे 94 टक्के झाकला जाणार होता. दहावीला एवढे पडले तर गल्लीभर पेढे. इथे चक्क नापास! उरलेल्या चिमूटभर उजेडातही प्रभामंडल दिसत नाही ना. मग तंबू, गोधड्या, दशम्या, लसणाची चटणी गाडीत कोंबून मराठी मंडळी खग्रास पट्ट्यातल्या करव्हिलकडे. कशासाठी? चार-साडेचार मिनिटांच्या अंधारासाठी. खासगी कॅम्पवाल्यांनी भाडी अव्वाच्या सव्वा केली. दान ग्रहण सुटल्यावर द्यायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार! मंडळींच्या एक्सेलमध्ये पेट्रोलपासून फिरत्या शौचालयापर्यंत सगळ्याला रकाना होता. ढगांना नव्हता. (ते बिनबुकिंगचेच आले.) पुण्याहून सासूबाईंनी बजावलं, “ग्रहणात घराबाहेर पडू नका हं!” सूनबाई म्हणाल्या, “नाही हो आई, तंबूतच आहोत.”