कारणाचा रकाना

भित्रेपणा हा असा दुर्गुण आहे की तो माणसाला कोणत्याही धंद्यात तग धरू देत नाही, असे माझ्या वडिलांचे ठाम मत होते, आणि त्या मताच्या पुराव्यादाखल ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे मला उभा करीत. आमचे फुलसावंगी हे महागाव तालुक्यातले, म्हणजे विदर्भ सरत आला आहे आणि पैनगंगेपलीकडचा मराठवाडा अजून लागलेला नाही अशा सांध्यावरचे गाव. येथली माझ्या वयाची मुले भरल्या विहिरीत मुटके मारीत, विजेच्या तारेवर आकडे टाकीत, चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागून चढत, आणि मी या सर्व पराक्रमांच्या प्रसंगी काठावर उभा राहून त्यांच्या चपला सांभाळीत असे. ‘हे पोट्टं कोन्याच कामाचं नाही बाप्पा,’ हा वडिलांचा निकाल गावाने एकमताने कायम केला होता. पुढे याच उपजत गुणाची एक वर्षाची पदविका मिळते, आणि ती मिळाल्यावर काठावर उभे राहून इतरांना ‘जपून’ असे ओरडण्याबद्दल दरमहा तनखाही मिळतो, हे कळले तेव्हा वडिलांना बसलेला धक्का औद्योगिक अपघाताच्या कोणत्याही व्याख्येत सहज बसला असता.

माझ्या नेमणुकीचे श्रेय मात्र माझ्या गुणवत्तेला नव्हते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात असे कलम होते की ज्या कारखान्यात १००० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथे सुरक्षा अधिकारी नेमला पाहिजे. आणि मी जेथे रुजू झालो त्या सूतगिरणीच्या (तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, आणि धैर्यही नाही) हजेरीपटावरचा आकडा, पुराचे पाणी पुलाच्या कठड्याशी येऊन थबकावे तसा, नऊशे नव्वदच्या आसपास वर्षानुवर्षे थबकलेला होता. एका हंगामात भरतीच्या घाईत आस्थापनेच्या कारकुनाची बेरीज चुकली, हजारावा कामगार नकळत कामावर चढला, नेमक्या त्याच महिन्यात तपासणी झाली, आणि कायद्याच्या पोटी माझा जन्म झाला. हा हजारावा कामगार रिंगफ्रेम खात्यात डॉफर होता. तो मला आपले अपत्य समजे आणि मी जेवलो की नाही याची अधूनमधून चौकशी करी.

पहिले प्रशिक्षण मी कॅन्टीनमध्ये घेतले. रात्रपाळी उतरलेले साठ-सत्तर लोक, अर्धे झोपलेले आणि उरलेले झोपेच्या उंबरठ्यावर, यांच्यासमोर मी हाइनरिख नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाचा सिद्धान्त मांडला. हे गृहस्थ विमा कंपनीत नोकरीला होते आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथ लिहून जगाला असे सांगितले की दर शंभर अपघातांपैकी ८८ माणसाच्या चुकीने होतात, १० यंत्राच्या किंवा जागेच्या दोषाने, आणि उरलेले २ टाळता न येण्याजोगे असतात. हा हिशेब त्यांनी मालकांनी आणि मुकादमांनी भरून धाडलेल्या कागदांवरून काढला होता, ही गोष्ट आमच्या पदविकेत कोणी शिकविली नव्हती. त्यामुळे मी तो आकडा वेदवाक्यासारखा तीनदा उच्चारला. व्याख्यान संपल्यावर शंका विचारण्याचे आवाहन केले, तेव्हा मागच्या बाकावरून एक वृद्ध जॉबर उठला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘साहेब, ते शेवटचे दोन टक्के चांगले वाटतात. त्याच्यात आमचं नाव घालता येते काय?’

गोंगाटापासून रक्षण व्हावे म्हणून कानात घालावयाचे रबरी बोळे मी मोठ्या खटपटीने मंजूर करून घेतले होते. केशरी रंगाचे, निळ्या दोरीने जोडलेले ते जोड सर्वांनी सह्या करून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत कानात कापूस घालून कामावर आले, कारण सूतगिरणीत कापसाला तोटा नव्हता. बोळ्यांचे काय झाले हे मला पोळ्याच्या दिवशी कळले. तोरणाखाली उभ्या असलेल्या एका देखण्या खिल्लारी जोडीच्या शिंगांवर आमच्या भांडारातले बारा जोड झुलत होते.

पण माझ्या दप्तरातली खरी मौल्यवान वस्तू निराळीच होती. अपघातांच्या नोंदवहीत शेवटून दुसरा रकाना ‘अपघाताचे कारण’ असा असून, त्यात माझ्या आधीच्या काळापासून एकच मजकूर इतक्या वेळा लिहावा लागला होता की हात दुखू नये म्हणून लेखनिकाने त्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता. शिसवी मुठीचा, कडा झिजलेला, जांभळ्या शाईचा तो शिक्का मारला की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ ही अक्षरे उमटत. त्यातल्या ‘ष्का’चा एक पाय तुटला होता, तेवढी एक जखम त्या वहीत बिनचौकशीची राहिली होती. बोट पट्ट्यात गेले, शिक्का. पाय घसरला, शिक्का. सोमवारी सकाळी ब्लोरूममधल्या काहींना छाती आवळल्यासारखी होई आणि मंगळवार-बुधवारी ते पुन्हा ठीक असत. कापसाच्या धुळीने असे होते, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास अधिक होतो आणि वैद्यकात याला बिसिनोसिस म्हणतात, हे मी पुस्तकात वाचले होते. व्यवस्थापकांचे निदान ‘रविवारची उतरली नाही’ असे होते. मी दोन्ही मतांचा आदर करून शिक्का मारला. नोकरी नवी होती, आणि मी भित्रा होतो हे वर आलेच आहे.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, म्हणून ४ मार्च हा देशभर सुरक्षा दिन पाळला जातो. त्या दिवशी सकाळी दारावर कापडी फलक बांधण्याकरिता मी स्टुलावर चढलो. स्टुलाचा एक पाय आखूड असून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती. फरशीवर कोणत्या तरी यंत्राचे तेल सांडलेले होते. प्रमुख पाहुणे अर्धा तास आधीच येत आहेत असा निरोप व्यवस्थापकांनी तिसऱ्यांदा पाठविला होता. आणि स्टूल धरून उभ्या असलेल्या हजाराव्याला कोणी तरी पाहुण्यांच्या चहासाठी हाक मारून नेले होते. मी फलकासह खाली आलो. फलकावर ‘सुरक्षितता प्रथम’ असे होते. सुरक्षितता माझ्या अंगावर पडली आणि प्रथम मी पाठीखाली घेतले.

घोटा सुजला. व्यवस्थापक स्वतः भेटीस आले आणि त्यांनी मला मायेने ८८ वे कलम समजावून सांगितले: जखमी इसम ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर वर कळविणे भाग पडते, सबब मी ४७ व्या तासाला खुर्चीवर येऊन नुसते बसावे. ‘पाय हवं तर स्टुलावर ठेवा,’ ते म्हणाले. स्टूल तेच होते. पुठ्ठ्याची घडीदेखील तीच होती.

नोंदवही माझ्याच ताब्यात असल्यामुळे माझा पंचनामा मलाच करावयाचा होता. लेखनिकाने सवयीने शिक्का शाईत बुडवून माझ्या हाती दिला, आणि माझा हात प्रथमच अडखळला. निष्काळजी? मी? ज्याने जन्मात कधी विहिरीत पाऊल घातले नाही तो? मी शिक्का बाजूस ठेवला, लेखणी घेतली, आणि आखूड पाय, पुठ्ठा, तेल, घाई, चहा, हजाराव्याची अनुपस्थिती व तिचे मूळ कारण असा तपशीलवार मजकूर लिहू लागलो. शेजारचे दोन रकाने व्यापून तो समासात चढला तेव्हा लेखनिक काकुळतीने म्हणाला, ‘साहेब, रकाना दोन बोटांचा आहे.’ हजारावा दारात चहा घेऊन उभा होता. त्याने सगळा मजकूर शांतपणे वाचला, आणि आपली उजव्या हाताची तर्जनी, जिचे शेवटचे पेर गेल्या दिवाळीत गेले होते, कपाच्या कानातून बाहेर काढून म्हणाला, ‘माझ्या टायमाला शाई सरली होती काय साहेब?’

मी मागची पाने उलटली नाहीत. त्यांवर काय आहे ते मला पाठ होते.

शेताला कारखाने अधिनियम लागू नसल्यामुळे तेथे रकानाच नसतो, ही सोय म्हणावी की गैरसोय हे मला २०१७ च्या हंगामात ठरविता आले नाही. त्या साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी लगोलग सांगितले की हे लोक तोंडाला काही बांधत नाहीत. मी तातडीने मास्क, चष्मा आणि हातमोजे घेऊन गावी आलो आणि वडिलांना औषधाच्या डब्यावरचा तिरपा चौकोन दाखविला: लाल रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. वडिलांनी तो काळजीपूर्वक पाहिला. ‘म्हंजे लाल घ्या लागते. किडी लवकर मरते.’ अखेर प्रात्यक्षिक म्हणून मीच सर्व जामानिमा चढवून, सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन, भर दुपारी पऱ्हाटीत शिरलो. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती; आत वारा नव्हता. तिसऱ्या तासावर चष्म्याला वाफ धरली, पाचव्यावर मास्क तोंडाला ओल्या फडक्यासारखा चिकटला, आणि सातव्या तासावर औद्योगिक सुरक्षिततेचा पदविकाधारक मास्क गळ्यात लोंबकळत ठेवून धापा टाकीत बांधावर आला. बापाने काहीही न बोलता पाण्याचा गडू पुढे केला.

आणि याच गावात ऑगस्ट २०२१ मध्ये, आठवीपर्यंत शिकलेल्या, वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने मोटारीचे इंजिन आणि लोखंडी नळ्या जोडून, दोन वर्षे खपून, हेलिकॉप्टर उभे केले. पंधरा ऑगस्टला ते गावाला दाखवावयाचे होते. चार-पाच रात्री आधी चाचणी घेताना पाते तुटले आणि तो गेला. वय अवघे चोवीस. मी गावी पोहोचलो तेव्हा चहाच्या टपरीवर ‘हिंमत लय होती, पन अक्कल नव्हती’ असा निकाल लागत होता, आणि मला त्यात त्या शिक्क्याचा जांभळा रंग दिसला. कोणी तरी मला विचारले, ‘तू त सेफ्टीवाला. तू असता त काय केलं असतं?’ मी काय केले असते? चपला सांभाळल्या असत्या. पात्याच्या जोडाची परीक्षा कोठे करवून घ्यावी, चाचणीच्या वेळी माणसाऐवजी आत वाळूचे पोते कसे ठेवावे, हे त्याला सांगणारे दार आमच्या पंचक्रोशीत कोणते होते, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि तो प्रश्न मला कोणी विचारलाही नाही.

गेल्या पावसाळ्यात मी वडिलांसाठी गमबूट नेले. उत्तम प्रतीचे, गुडघ्यापर्यंतचे. त्यांनी ते घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, शेजाऱ्यांना दाखविले, आणि फवारणीला निघताना बिनतक्रार चढविले. माझा ऊर भरून आला. बांधावर आल्यावर त्यांनी बोट ओले करून वारा कोणीकडचा आहे ते पाहिले (हे माझेच शिक्षण), पंप पाठीवर घेतला, काळ्या चिखलात एक पाऊल टाकले, बूट तेथेच रुतून पाय तेवढा वर आला, तेव्हा दुसराही बूट काढून दोन्ही माझ्या हाती दिले. ‘सांभाळ,’ ते म्हणाले, ‘नवे हायेत.’ आणि अनवाणी पऱ्हाटीत शिरले.