भाजीच्या डब्याला गेटपास

मा. सेक्रेटरीसाहेब,


चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये भरदिवसा घरफोडी झाली आणि आठवडा उलटायच्या आत तुमचे सहा कलमी परिपत्रक लिफ्टशेजारी लागलेसुद्धा. गळक्या टाकीचा ठराव एका वार्षिक सभेतून दुसऱ्या वार्षिक सभेत ढकलणाऱ्या समितीने एवढी चपळाई दाखवावी, याबद्दल आधी अभिनंदन. चोराने दाराचा कडी-कोयंडा तोडला, बेडरूममधले कपाट उचकटले, दागिने खिशात घातले आणि तो मुख्य फाटकातून चालत बाहेर पडला. त्यावर समितीने काढलेला निष्कर्ष असा, की घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या यापुढे रोज फाटकावर तपासल्या जातील आणि एखाद्या घरातून त्यांना काही दिले असेल, अगदी उरलेली भाजी का असेना, तर त्या घरमालकाच्या सहीचा गेटपास लागेल. तोडलेल्या कोयंड्यापासून भाजीच्या डब्यापर्यंत समिती कोणत्या वाटेने पोहोचली, हे समजून घ्यावे म्हणून हा पत्रप्रपंच.

बाकीची कलमे आधी उरकतो. कॅमेरे दुप्पट करणार आहात. आहेत त्या कॅमेऱ्यांनी चोराला उत्तम टिपले आहे, निळा शर्ट, पाठीला सॅक, सगळे दिसते. कॅमेऱ्यांवरच्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेऱ्यांचा सर्वांत ठळक उपयोग दिसला तो वाहनतळांवर, आणि जिथे पडद्यासमोर कोणीतरी सतत बसून पाहत असते तिथे परिणाम जास्त. आपल्याकडे पडदा आहे आणि त्याच्यासमोर खुर्चीही आहे. डीव्हीआर केबिनच्या फळीवर उघडाच असतो, पुढच्या चोराने जाताना तोही उचलला तर त्याला फार वाकावे लागणार नाही. खिडक्यांना लोखंडी ग्रिल सक्तीचे केलेत. आग लागली तर बाहेर कसे पडायचे, हे बहुधा पुढच्या परिपत्रकात येईल. आणि कोण कधी गावी जाणार याची नोंद केबिनमधल्या रजिस्टरमध्ये करायची आहे, म्हणजे कोणते घर किती दिवस रिकामे असेल याची तारीखवार यादी फाटकाशीच तयार मिळेल. चोरांना आजवर याची माहिती काढायला पायपीट करावी लागत असे.

आता दाराकडे येऊ, कारण चोर तिथून आला आणि सहापैकी एकाही कलमात दाराचा उल्लेख नाही. घरफोडीच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की कुलूप बहुधा शाबूत असते, निघून येतो तो कोयंडा. आपण शेकडो रुपये मोजून सात लिव्हरचे पितळी कुलूप आणतो आणि ते ज्या पट्टीत अडकवतो ती पट्टी इंचभरसुद्धा लांब नसलेल्या चार स्क्रूंवर पातळ लाकडाला चिकटलेली असते. कटावणीचे टोक मागे घातले आणि अंगाचा भार दिला की स्क्रू लाकडाचा भुसा घेऊन बाहेर येतात. कुलूप तसेच बंद, मालकाच्या विश्वासाइतके अभंग, जमिनीवर पडलेले सापडते. शिवाय बाहेर लोंबणारे कुलूप स्वतःच सांगत असते की घरात कोणी नाही. आतून बसवलेले, पल्ल्याच्या जाडीत लपणारे आणि चौकटीत खोलवर शिरणाऱ्या दांड्याचे कुलूप हे सांगत नाही. त्या दांड्याला झेलणारी चौकटीवरची पट्टी लांब स्क्रूंनी थेट भिंतीपर्यंत पकडली, बिजागऱ्यांचे स्क्रूही तसेच बदलले आणि बाहेरून एक भक्कम सेफ्टी डोअर लावले, तर चोराचे काम अशक्य होत नाही, पण लांबते आणि आवाज करते. वेळ आणि आवाज या दोन गोष्टी त्याला परवडत नाहीत. नव्या कॅमेऱ्यांच्या पैशात किती घरांचे असे दार झाले असते, याचा हिशेब खजिनदारांनी मांडावा.

दिवसा चोरी झाली याचे समितीला विशेष आश्चर्य वाटलेले दिसते. परिपत्रकात ‘भरदिवसा’ हा शब्द दोनदा, एकदा उद्गारचिन्हासह आला आहे. आश्चर्य वाटणारे तुम्ही एकटे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेने रात्रीची घरफोडी अधिक भयंकर मानली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तोच विचार पुढे चालवला आहे. कलम ३३१ प्रमाणे चोरीच्या इराद्याने दिवसा घर फोडले तर कमाल दहा वर्षे, सूर्यास्तानंतर फोडले तर चौदा. रात्री घरात माणसे असतात, त्यांच्या जिवाला धोका असतो, म्हणून ही तफावत योग्यच आहे. पण नेमक्या त्याच कारणामुळे चोराला दिवस सोयीचा, कारण दिवसा घरात माणसे नसतात. अमेरिकेत कोहेन आणि फेल्सन या दोन अभ्यासकांनी १९७९ मध्ये हेच मांडले: घरातली सगळी माणसे दिवसभर बाहेर पडू लागली, वस्तू हलक्या आणि महाग झाल्या आणि दिवसाच्या घरफोड्या वाढल्या. चोरीला तीन गोष्टी लागतात, चोरायची तयारी असलेला माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाची गैरहजेरी. आपल्या इमारतीत सकाळी दहानंतर दोन्ही कमावती माणसे बाहेर, मुले शाळेत आणि कपाटात सोने, ज्याहून हलकी आणि महाग वस्तू मराठी घरात दुसरी नाही. पहिल्या दोन गोष्टींवर समितीचा इलाज चालत नाही. तिसरीवर चालतो, आणि तिथेच तुम्ही उलटा घाव घातला आहे.

कारण दिवसा या इमारतीत लक्ष ठेवणारी माणसे कोण? काही घरांतले म्हातारे-कोतारे, आणि त्यांच्याशिवाय घरकामाच्या बायका, इस्त्रीवाला, पेपरवाला, दूधवाला आणि ज्याला तुम्ही पाचव्या कलमाने फाटकाबाहेर काढले तो भाजीवाला. कोणत्या दारातला पेपर दोन दिवस उचललेला नाही, कोणाच्या घरी पाहुणे आहेत, जिन्यात उभा असलेला माणूस कोणाचा कोणीच नाही, हे सभासदांना कळत नाही, या लोकांना कळते. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात घरफोड्यांनी कहर केला होता. तिथे दोन गोष्टी ठळक झाल्या: ज्या घरांत गॅस-विजेचे, नाणी साठणारे मीटर होते ते मीटर काढून टाकले, आणि ज्या घरात एकदा चोरी झाली त्याच्या लगतच्या काही शेजाऱ्यांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले, कारण चोर त्याच घरी पुन्हा येतो असे दिसून आले होते. तीन वर्षांत घरफोड्या पूर्वीच्या सुमारे पावपट उरल्या. याचा अर्थ आपल्या चौथ्या मजल्याला या घडीला सर्वांत जास्त गरज आहे ती मजल्यावर रोज येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसांची. त्यांनाच तुम्ही संशयित ठरवलेत. उद्या जिन्यात अनोळखी माणूस दिसला तर ज्या बाईची पिशवी काल चारचौघांत उलटी केली गेली तिने ओरडून तुम्हाला सांगावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने ठेवता?

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. काही चोऱ्यांत घरच्याच नोकरांनी टीप दिलेली असते, पोलीसही पडताळणी करून घ्या असे सांगतात. दोन्ही खरे. पडताळणी जरूर करा. एकदा ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात नोंद करा, त्यात कोणाचा अपमान नाही. पण टीप देणारी व्यक्ती ती पिशवीत घालून नेत नाही. घर कधी रिकामे असते ही माहिती डोक्यात मावते, आणि परवापासून ती केबिनमधल्या रजिस्टरमध्येही असणार आहे. पिशवीच्या तपासणीत सापडणार काय, तर दुपारची उरलेली आमटी, मुलीसाठी दिलेला जुना ड्रेस, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आणि हलक्या हाताने होणारी किरकोळ चोरी हाच मुद्दा असेल, तर तो ज्या-त्या घराने आपल्या कपाटाला किल्ली लावून सोडवावा, त्यासाठी शंभर बायकांना रांगेत उभे करण्याचे कारण नाही. झडतीबद्दलही बोलू. पोलिसांसारखा झडतीचा अधिकार खासगी सुरक्षारक्षकाला नसतो. जे चालते ते समोरच्याच्या संमतीवर, आणि काम जाईल या भीतीने दिलेली संमती किती खरी, हे आपण दोघेही जाणतो. गुन्ह्यात अटक झालेल्या स्त्रीचीसुद्धा झडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावी असे कायदा सांगतो. तुमच्या फाटकावर तेवढीही सोय नाही. आरोपीला जे मिळते ते घरकामाच्या बाईला नाही, कारण ती आरोपी नाही, ती फक्त गरीब आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसाने गुन्हा केला की नाही हे पाहायचे नव्हते, तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहायचे होते. मग नोंद, हजेरी, फिरण्यावर बंधने. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण ‘हे लोक असेच’ ही नजर कागदाबरोबर गेली नाही, याची साक्ष पारध्यांपासून कैकाड्यांपर्यंत महाराष्ट्रातल्या कितीतरी भटक्या-विमुक्तांनी आत्मकथनांतून दिली आहे. तुम्ही ती परंपरा जाणूनबुजून चालवता असे मी म्हणत नाही. पण ज्या वर्गाने या चोरीत काहीही केल्याचा पुरावा नाही त्याची रोज हजेरी, रोज झडती, आणि निळ्या शर्टातल्या, सॅक घेतलेल्या माणसाला मात्र फाटकावर कोणी हटकलेही नाही, कारण तो ‘आपल्यातला’ दिसत होता. त्याने रजिस्टरमध्ये सही केली नाही, कोणी मागितलीच नाही. कपड्यांवरून माणूस ओळखणाऱ्या या फाटकात चोराने फक्त कपडे नीट निवडले. हा राग अतिरेकी वाटत असेल तर वाटो. एखादी बाई आपल्या घरातली भांडी, अंथरुणे, आजाऱ्यांचे कपडे वर्षानुवर्षे हाताळते, आपण तिच्या हाती तान्ही मुले सोपवतो, आणि ती बाहेर पडताना अनोळखी तरुणापुढे पिशवी उघडून उभी राहते. लाज कशाची वाटायला हवी हे सांगायला कलम लागत नाही.

वॉचमनला काढून टाकलेत तेही असेच. चोर चौथ्या मजल्यावर असताना तो पंप चालू करायला गेला होता, अशी ‘कर्तव्यात कसूर’ परिपत्रकात नोंदली आहे. पंप चालू करणे हे त्याच्या कर्तव्यांच्या यादीतच आहे, तुमच्याच सहीने. टँकरच्या पावत्या, कुरिअरची खोकी, गाड्या मागे-पुढे करणे, बारा तासांची पाळी, आणि या सगळ्याच्या फटीत सुरक्षा. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे; केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष मैदानावर प्रशिक्षण द्यावे असे म्हटले आहे. समितीने एजन्सी निवडताना यातले काय विचारले होते? सर्वांत कमी दराची निविदा मंजूर, एवढीच नोंद इतिवृत्तात आहे.

तुमच्यावर एवढे तोंडसुख घेतल्यावर एक गोष्ट मान्य करायला हवी. मानद सेक्रेटरी हे पद ज्याने-त्याने टाळलेले आहे आणि तुम्ही ते घेतलेत. चोरी झाल्याच्या रात्री साठ घरांचे फोन तुम्हाला आले असतील, आणि त्यातल्या कोणीही ‘माझ्या दाराचा कोयंडा कसा आहे ते मी पाहतो’ असे म्हटले नसेल. दार सभासदाच्या मालकीचे, तिथे समितीचा हात पोहोचत नाही; कॅमेरा, फाटक, वॉचमन आणि बाई एवढ्यांवरच पोहोचतो. सभासदांना काहीतरी झालेले दिसायला हवे होते, आणि दिसेल असे जे सर्वांत स्वस्तात मिळाले ते तुम्ही केलेत. ही भीती साठ घरांची आहे, परिपत्रकावर सही मात्र तुमच्या एकट्याची. उपहासाचा वाटा त्या साठ घरांनीही उचलायला हवा, माझ्यासकट.

म्हणून येत्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत दोन ठराव मांडत आहे. पहिला, सोसायटीने एक चांगला सुतार ठरवून प्रत्येक दाराची तपासणी करून घ्यावी आणि एकत्रित दराने कुलपे व पट्ट्या बदलून द्याव्यात, खर्च ज्याचा त्याचा. दुसरा, पिशव्यांच्या तपासणीचे चौथे कलम रद्द करावे. ते रद्द होत नसेल तर ‘घरकामगार महिला’ या शब्दांच्या जागी ‘फाटकातून बाहेर पडणारी प्रत्येक व्यक्ती’ अशी दुरुस्ती सुचवतो. अंमलबजावणी अध्यक्षमहाशयांच्या सकाळच्या ऑफिस बॅगेपासून व्हावी.

कळावे,
आपला,
देखभाल शुल्क वेळेवर भरणारा एक सभासद